तणनाशक, हूड आणि जवसाची चटणी

हे सगळं शपथेवर खरं आहे. म्हणजे माझी बायको सुनंदा म्हणते, तुमच्या खऱ्यातून निम्मं काढून टाकायचं. तर निम्मं खरं धरा. दर मंगळवारी तिच्या केमोसाठी आम्ही नालवाडीहून दवाखान्यात जायचो. आत पेशंटला सलाईन लागलं, की आम्ही सोबतची मंडळी बाहेरच्या बाकावर. चार-पाच तास नुसतं बसून राहिलं तर किस्से साचणारच, दुसरं काय साचणार?

*

बाकावर माझ्या शेजारी कमलाबाई. गिरडकडच्या, घरी कपाशीचं शेत. त्यांची सून प्रणाली आत केमोवर. वय सव्वीस, लग्नाला एक वर्ष. डॉक्टर मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, या औषधांनी अंडाशयाला इजा होऊ शकते. पुढे मूल हवं असेल तर आधी नागपूरला जाऊन स्त्रीबीजं गोठवून ठेवा.

कमलाबाईंनी विचारलं, "अन् लाईट गेली तं?"

त्याला लाईट लागत नाही, असं मॅडमनी समजावलं. पण फ्रीजमधलं दूध नासताना बाईंनी दर उन्हाळ्यात पाहिलेलं. घरी बैठक बसली. मामा, आत्या, मोठे दीर. आठ दिवसांनी गोठवायचं असं सगळ्यांचं एकमत झालं, तोवर गाठ वाढली होती. मॅडम म्हणाल्या, "आता थांबता येणार नाही."

लाईटचा हा किस्सा कमलाबाई दर मंगळवारी मला सांगायच्या. हसत सुरू करायच्या. शेवटाला हसायच्या नाहीत.

*

आमच्याकडे पेशंटला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. प्रत्येकाच्या पिशवीत एक उपाय. म्हणून मेश्राम सिस्टर दारातच पिशव्या रिकाम्या करायला लावायच्या. एकदा माझ्या पिशवीतून आवळ्याच्या कॅप्सूलची डबी निघाली.

"काका, हे कशासाठी?"

"ताकदीसाठी."

"कोणाच्या? काकूले तं मी पाहून राह्यली. तुमच्यापेक्षा बऱ्या आहेत."

*

एकदा कमलाबाईंच्या पिशवीतून अँटिऑक्सिडंटची डबी निघाली. यानं अंडाशय वाचतं, असं भाच्यानं मोबाईलवर वाचलेलं. सिस्टरनं मॅडमनाच बोलावलं.

"मावशी, यानं वाचतं की नाही, ते अजून पक्कं माहीत नाही. उलट केमोचा जोर कमी होईल की काय, ही भीती आहे. तुम्ही तणनाशक फवारताय आणि मागून कुणी पाणी मारतंय, चालेल?"

"नाई चालत," कमलाबाई म्हणाल्या. "पण कपाशीवर पडू नये म्हून आमी नोझलले टोपीसारखं हूड लावतो. तुमच्याकडं हूड नाई काय?"

मॅडमनी डबी कमलाबाईंच्या हातात परत दिली. मग त्या म्हणाल्या, "आहे. दर महिन्याला तिला देतो ते इंजेक्शन तेच करतं. पण ते हूड जरा फाटकं आहे, मावशी."

*

डबी घरी गेली. पुढच्या मंगळवारपासून प्रणालीच्या डब्यात जवसाची चटणी यायला लागली. केमोनं तिचं तोंड सोललेलं, तिखट जाईना. मी सुनंदाला पाहायला आत गेलो, की ती हळूच मला द्यायची. "काका, तुम्हीच खा. आईले सांगू नका."

चव जरा औषधी होती. पण फुकटच्या चटणीला नावं ठेवू नयेत.

चौथ्या मंगळवारी प्रणालीच्या रक्तात पेशी कमी आल्या, केमो पुढं ढकलली. कमलाबाई बाकावर बसून रडायला लागल्या. "भाऊ, हे माह्यामुळंच झालं. त्या कॅप्सूल फोडून मी चटणीत घालून राह्यली होती."

मी म्हटलं, "ती चटणी मी खाल्ली."

बाईंचं रडणं थांबलं. "पुरी?"

"पुरी."

"बरं झालं, माय," म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

सुनंदाचं म्हणणं, आता वर्धा जिल्ह्यात सगळ्यात सुरक्षित अंडाशय माझंच.

*

प्रणालीची केमो संपली. त्यानंतर पाचव्या महिन्यात सासू-सून तपासणीला आल्या. मी बाकावर. कमलाबाई गेटातूनच म्हणाल्या, "भाऊ, सुनेले पाळी आली." ज्या घरात हा शब्द पुरुषांसमोर कधी निघाला नाही, त्या घरची बाई, वीस माणसांत. गेटवरच्या वॉचमननं हात जोडले.

हा शेवटचा किस्सा मी रचलेला आहे. केमो संपली ते खरं, पण पाळी अजून आलेली नाही. मागच्या मंगळवारी सुनंदाच्या तपासणीला आलो आणि बाकावरच्या नव्या मंडळींना मी तो रंगवून सांगत होतो, तेव्हा प्रणाली कधी येऊन मागं उभी राहिली, कळलंच नाही. पूर्ण ऐकून घेतलं तिनं.

मग म्हणाली, "काका, गेटवर वॉचमन नसते. तेवढं सुधरवा. बाकीचं तसंच राहू द्या."