मध्यंतराआधी मरणारा माणूस

पहिले,

तुम्हाला पत्र लिहून उपयोग नाही, हे मला कळतं. पण परवा तुमच्या शोकसभेत लोक जे बरळले ते ऐकून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. म्हणे चतुरस्र कलावंत! कसले चतुरस्र? तुम्ही पडद्यावर जन्मभर एकच काम केलंत. मेलात. मात्र ते तुमच्यासारखं कुणाला जमलं नाही.

मी कंटिन्युटीवाली बाई. मागच्या शॉटमध्ये बाही दुमडलेली होती की नाही, रक्त कुठल्या गालावर होतं, हे सांभाळणं माझं काम. तुम्ही स्टुडिओच्या फाटकावरचे खरेखुरे चौकीदार. एकदा चौकीदाराचं काम करणारा नट उगवला नाही, तेव्हा तुम्हालाच अंगावरच्या गणवेशासकट आत नेलं आणि सांगितलं, पडा. तुम्ही असे पडलात की दिग्दर्शक घाबरून धावला. त्यानंतर आमच्या प्रत्येक थरारपटात पहिला मुडदा तुमचा, म्हणून तुमचं नावच पडलं पहिले.

थरारपटाचे नियम आपल्या दोघांना तोंडपाठ. जो ‘कोण आहे तिकडे?’ विचारतो, तो मरतो. ज्याची बॅटरी विझते, तो मरतो. आणि जो पुढच्या आठवड्यात निवृत्त होणार असतो, त्याचा तर विमा कुणी उतरवू नये. एका लेखकाने तुमच्याकडून हे सगळं एकाच प्रसंगात करून घेतलं, तेव्हा तुम्ही माझ्या कानाशी येऊन म्हणालात, “बाई, एवढ्यात दोन माणसं मरतील.”

आमचं रक्त म्हणजे साखरेचा पाक आणि रंग. त्याला मुंग्या यायच्या. मुंगी पापणीवर चढली तरी तुम्ही उघडा डोळा मिटत नव्हतात. गणवेश घरी जायचा धुवायला. वहिनी म्हणायच्या, मेलेल्या नवऱ्याचे कपडे धुवून पुन्हा त्यालाच घालायला देणारी बायको जगात मी एकटीच.

मग तुमचा मुलगा आणि सून एकाच अपघातात गेले आणि नात तुमच्याकडे आली. तिला मरणातली गंमत कळेना, आणि का कळावी? शेजारची पोरं टीव्हीवर तुम्हाला बघून तिला चिडवायची, तुझा आजोबा मेला गं. एक दिवस तुम्ही चपला घालून सेटवर आलात आणि मी खेकसले, कालच्या शॉटमध्ये बूट होते म्हणून. तेव्हा खालच्या मानेने सांगितलंत, नातीने बूट लपवलेत, कामाला जाऊ देत नाही.

त्याच सुमारास कंपनीने कॉलेजच्या पोरांचा सिनेमा काढला. त्याचेही नियम ठरलेले. चष्मा काढला की मुलगी सुंदर होते, आईबाप दारात उभे राहून ओरडण्यापुरते असतात, आणि चौकीदार झोपाळू, बहिरा, पण जिवंत. पोरं फाटकावरून उड्या मारतात आणि शेवटी चौकीदार आपणहून फाटक उघडून हसतो. तुम्ही नातीला शब्द दिलात, या खेपेला आजोबा शेवटपर्यंत. हसण्याची तुम्हाला सवय नव्हती. पहिल्यांदा हसलात ते दाढ दुखल्यासारखं, आणि मी तसं तोंडावर सांगितलं. त्यावर खरंच हसू फुटलं तुम्हाला. तेच कॅमेऱ्यात आलं.

जोडलेला सिनेमा बघताना निर्मात्याला डुलकी लागली. जागा झाला आणि म्हणाला, यात एक खून घाला. कुणाचा, यावर चर्चासुद्धा झाली नाही. सगळ्यांनी तुमच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, अहो, यांचं हसणं शेवटी आहे, चित्रित झालंय. दिग्दर्शक म्हणाला, कापू. चौकीदार पडला की प्रेक्षक सावरून बसतात.

तुम्ही एवढंच विचारलंत, “जखमी होऊन दवाखान्यात राहिलो तर?”

तो अगदी प्रेमाने म्हणाला, “काका, जखमी चौकीदार ठेवला, तर त्याला कुणीतरी भेटायला जायचा सीन घालावा लागतो.”

भर दुपारी खिडक्यांना काळे पडदे लावून रात्र केली. फरशी चमकावी म्हणून तिच्यावर पाणी ओतलं. थंडीचे दिवस. तुम्ही पडलात आणि खोकलात. पुन्हा पाणी, पुन्हा रक्त, पुन्हा खोकला. मुडदा दरवेळी उठून सगळ्यांची माफी मागत होता. तुमचा हात आधीच्या जागी ठेवताना मला तो तापलेला लागला. मी काम थांबवा म्हणून ओरडले. तुम्हीच म्हणालात, बाई, होऊन जाऊ दे.

नंतर अंगाला चादर गुंडाळून बसला होतात. घरी काय सांगायचं ते अजून ठरलं नव्हतं. म्हणालात, “तो फाटकाचा तुकडा टाकूनच देणार असतील, तर मला मिळेल? मागचंपुढचं काही नको. तिला तेवढाच दाखवतो.” संकलक माझ्या ओळखीचा. आपण दोघांनी सोमवारी जायचं ठरवलं.

सोमवारी तुम्ही दवाखान्यात होतात. न्यूमोनिया. आठवडा काढला नाहीत. आता नातीला कुणी कसलाही शब्द दिला तरी ती विश्वास ठेवत नाही, शाळेत जाताना वहिनींचा पदर सोडत नाही.

संकलकाचा फोन आला होता, संगणकावर जागा हवी आहे, तो तुकडा पुसू का? मी म्हटलं, खबरदार. त्याची खोली माझ्या घरापासून बसने दोन थांब्यांवर आहे. अजून गेलेले नाही.