इकडे बायको, तिकडे कोणीच नाही

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी बाई संध्याकाळी कायद्याच्या वर्गात जाऊन बसते म्हटल्यावर लोकांनी कपाळाला हात लावला. धाकटी बहीण तर तोंडावरच म्हणाली, "ताई, या वयात लोक गुडघे सांभाळतात. तू हे काय नवीन खूळ काढलंयस?" ताईकडे उत्तर होतं, पण ती ते कोणाला सांगत नव्हती. आपण अजून कोणाची बायको आहोत की नाही, एवढं एकच तिला शिकून घ्यायचं होतं.

आता हे तिला स्वतःला माहीत नसेल तर कोणाला असणार, असं कोणीही म्हणेल. पण तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत परदेशात नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला. मग एक दिवस सासूबाईंचा फोन आला. तिकडच्या कोर्टात लग्न मोडलं म्हणे, आणि त्याने दुसरं केलंसुद्धा. हिला ना कोणी बोलावलं, ना एका शब्दाने विचारलं. "माझ्या अपरोक्ष माझं लग्न मोडतंच कसं?" ती म्हणाली. "मला हे मान्य नाही." फोन ठेवला आणि दुकानात गेली. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या काचा तिने उलटसुलट बसवल्या, उजवीची डावीला, पण असं कोणाचंही होऊ शकतं.

तशीच बरीच वर्षं गेली, आणि मग दुकानदाराने तिला मागणी घातली. हा शांत, विधुर माणूस. इतकी वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून दोघांनी अर्ध्या गावाला चष्मे लावले होते. त्याची लेक त्याला आपल्याकडे राहायला बोलावत होती. "तुम्ही हो म्हणालात तर राहतो," तो म्हणाला, "नाही म्हणालात तर दुकान विकतो आणि जातो. घाई नाही, पण लेक फार मागे लागलीय."

ती वकिलाकडे गेली. तो म्हणाला, "तुम्ही मोकळ्या आहात, खुशाल करा लग्न." खात्री करावी म्हणून दुसऱ्याकडे गेली. तो म्हणाला, "भलतंच काय! इकडे तुम्ही अजून बायकोच आहात. लग्न केलंत तर गुन्हा होईल." दोघांनीही फी मात्र सारखीच घेतली. तेव्हा तिने ठरवलं की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा आपणच शिकावं.

खासगी आंतरराष्ट्रीय कायदा आणि आधुनिक कुटुंब कायदा, असे दोन विषय तिने घेतले. आणि मग तिचा जो गोंधळ उडाला, तो विचारू नका. पहिल्याच आठवड्यात कळलं की कायदा सगळीकडे एक नसतो. दुसऱ्या आठवड्यात कळलं की कुठला लावायचा, याचाही एक कायदा असतो. पुढे तर असंही निघालं की आपला कायदा म्हणतो तिकडचा बघा, आणि तिकडचा म्हणतो इकडचा बघा. दारात उभं राहून "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करणाऱ्या पाहुण्यांसारखं. "मग आत जातं कोण?" तिने विचारलं. वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "काकू, प्रश्न चांगला आहे," आणि पान उलटून पुढे गेल्या.

वर्गात सगळे तिला काकूच म्हणत. ती सगळं लिहून घेई, घरी वाचे आणि सकाळी दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर काचा बदलत विचारी, "ही बरी, की ही?" गिऱ्हाईक म्हणे, "दोन्ही सारख्याच वाटतात." तिला त्याचा राग येत नसे. उलट त्याच्याशी जवळचं नातं असल्यासारखं वाटे.

मॅडमची एक पद्धत होती. खोटा खटला उभा करायचा आणि ज्याला जी बाजू पटते, तिच्या विरुद्ध बाजू त्याच्या गळ्यात मारायची. परदेशी घटस्फोटाचा धडा आला, तेव्हा काकूंच्या वाट्याला नवऱ्याची वकिली आली. मनातल्या मनात तिने मॅडमना चार शिव्या दिल्या. बायको झाली होती चिमणी, सतत चिवचिवते म्हणून हे नाव पडलेली, वर्गातली सगळ्यात लहान पोरगी. मॅडम स्वतः न्यायाधीश.

काकू हट्टाला पेटल्या. आठवडाभर पुस्तकं उपसली. घेतलं काम चोख करायचं ही जन्माची खोड, मग अशील असा नालायक का असेना. शेवटी त्यांना एक फट सापडली. उभ्या राहून त्या म्हणाल्या, "बायकोला न विचारता झालेला निकाल इकडे ग्राह्य धरत नाहीत, हे खरं. पण तो नियम तिच्या रक्षणासाठी आहे. तिनेच समजून उमजून तो निकाल स्वीकारला, तर न्यायालयाने तो का अडवावा?"

मॅडम चिमणीकडे वळल्या. "बाई, तुम्हाला हा घटस्फोट मान्य आहे का?"

"मान्य आहे की!" चिमणी म्हणाली. "असला नवरा हवाय कोणाला?"

वर्ग खदखदून हसला. खटला संपला. काकू जिंकल्या म्हणून टाळ्याही पडल्या. त्या मात्र बाकाला धरून उभ्याच राहिल्या.

"मॅडम, एवढंच? खरोखरच्या कोर्टातही?"

"तिने दबावाखाली नाही ना मान्य केलं, एवढं कोर्ट बघेल. पण वाट मोकळी होते. तिच्या हो म्हणण्यावरच तर सगळं अडलेलं असतं."

घरी जाताना तिला काही सुधरेना. मोठमोठ्या ग्रंथांतून हिंडून कायदा तिच्याच दारात येऊन उभा राहिला होता, आणि विचारत होता, तुझं काय? हा प्रश्न आजवर तिला कोणी विचारलाच नव्हता. तिने तरी स्वतःला कुठे विचारला होता?

सकाळी दुकानात तिने सगळं सांगितलं. दुकानदाराने हातातली फ्रेम खाली ठेवली. "म्हणजे कोर्टात जाऊन फक्त मान्य आहे म्हणायचं?"

"हो."

"मग म्हणाल ना? इथे एकदा म्हणून तर बघा."

"त्यात काय," ती म्हणाली. "त्याने मला..." आणि उगीचच एक काच उचलून पुसू लागली. ती पुन्हा म्हणाली, "त्याने मला सोडलं, ते मला..." आणि तिला रडूच फुटलं. टेबलावर डोकं ठेवून ती मोठमोठ्याने रडली. मान्य नाही, मान्य नाही म्हणत राहिलं की आपल्याला कोणी टाकून दिलंय, हेही मान्य करावं लागत नव्हतं. इतकी वर्षं ती त्यावर तगली होती.

दुकानदार पार गोंधळला. पाण्याचा पेला घेऊन तो नुसताच उभा राहिला. "म्हणजे... नको का?" त्याने हळूच विचारलं. "मी लेकीला येतो म्हणून कळवू का?"

"नका कळवू," ती रडता रडताच म्हणाली. "मी हो म्हणतेय. पण आधी मला टाकलेली बाई तरी होऊ द्या."