दाढू आणि धोंड्याचं जेवण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला तरी सांगवेल का — बघू.

आमच्याकडे दाढू होता. इटलीतल्या शिकारी जातीचा, स्पिनोने म्हणतात त्याला. कमरेएवढा उंच, राठ केसांचा, हनुवटीला म्हाताऱ्यासारखी दाढी. म्हणून माझ्या मुलीनं, रेवानं, हे नाव ठेवलेलं. शिकार कसली करतो? रेवा त्याच्या पोटावर डोकं टेकून पाढे पाठ करायची. अमरावतीत असा दुसरा कुत्रा नव्हता, याचा मला फार तोरा होता. त्या तोऱ्यापायीच तर —

थांबा. आधी महिना सांगतो. आठ वर्षांपूर्वी असाच ज्येष्ठ अधिक आला होता. अधिकात जावयाला धोंड्याचं जेवण असतं, तुम्हाला ठाऊकच आहे. सासुरवाडी अकोटची. निघताना मी दाढूलाही गाडीत घातलं. एवढ्या उन्हात कशाला, असं बायको म्हणाली. मी ऐकलं नाही. मेहुण्याला दाखवायचा होता ना.

सासूबाईंचा स्वयंपाक सोवळ्यातला, कुत्रा ओसरीवरही चालणार नव्हता. गाडी कडुलिंबाखाली लावली, एसी चालू ठेवला, दाढूला आतच ठेवलं. मध्ये रेवा आपली टोपी आणायला गाडीत जाऊन आली. नंतर मी गेलो. इंजिन तापत होतं, म्हणून बंद केलं, काचा बोटभर खाली घेतल्या. दहा मिनिटांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणालो. दाढूनं शेपटी हलवली.

मग मला पाटावर बसवलं. औक्षण झालं, अनारसे आले, पुरणाचे धोंडे आले. तुम्हाला वाटेल, मी विसरलो. विसरलो असतो तर बरं झालं असतं. समोरच्या खिडकीतून मला गाडी दिसत होती. लिंबाची सावली सरकत होती — आधी बॉनेटवरून गेली, मग टपावरून. मी अर्धवट उठलो. मेहुणा म्हणाला, "कुठी चालले भाऊजी? कुत्र्यापायी भरल्या ताटावरून उठता काय?" सगळे हसले. मीही हसलो, पुन्हा बसलो — आणि वर तूप मागून घेतलं. कशासाठी? जावयाच्या मानासाठी? लोक हसतील म्हणून?

हात धुऊन गेलो तेव्हा दाढू मागच्या सीटवर आडवा पडला होता. हाक मारली. हलला नाही.

एवढंच असतं तर कदाचित आधीच सांगितलं असतं. किल्ली माझ्या खिशात होती. कुणी यायच्या आत मी ती गाडीला लावली, काचा वर घेतल्या. माणसं जमली तेव्हा म्हणालो, एसी तर मी चालूच ठेवला होता — टोपी घेताना रेवानं किल्ली फिरवली असणार. नऊ वर्षांची पोर. ती रडलीसुद्धा नाही. आपल्या हाताकडे पाहत राहिली.

आता ती सतरा वर्षांची आहे. रस्त्यावरचं पिल्लूही उचलत नाही. माझ्या हातून मरेल म्हणते, तेही सहज, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. मी ऐकतो. मला भीती वाटते तिची, खरंच वाटते.

यंदा पुन्हा ज्येष्ठ अधिक. अकोटहून बोलावणं आलं. रेवा म्हणाली, "बाबा, तुमी दोघं जा. मले तिथं जायची हिंमत नाही. म्या काय केलं ते सगळ्यायले माहीत आहे."

मी तिच्यासमोर उभा होतो. "बरं," म्हणालो. आणि सासूबाईंना फोन करून कळवलं, आम्ही दोघंच येतो आहोत.