कुंभारीण तिच्या खिडकीत, गांधीलमाश्या माझ्या

"अॅनाफिलॅक्सिस," कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर म्हणाल्या आणि त्याच दमात माझ्या मांडीत सुई गेली. मला सुई आधी कळली, शब्द दुसऱ्या दिवशी. एखाद्या विषाचा शरीर इतका धसका घेतं की अंगभर गांधी उठतात, घसा आतून सुजतो, ब्लड प्रेशर कोसळतं. वेळेत अॅड्रिनलीन मिळालं नाही तर माणूस जातो. माझ्या बाबतीत हे तीन गांधीलमाश्यांनी केलं होतं.

अशा वेळी देव आठवतो म्हणतात. मला जाऊ आठवली. ऑक्सिजनचा मास्क तोंडावर असताना माझ्या मनात आलं, हिला बाळही होणार आणि माझं तेरावंही हीच जेवणार.

हे मी मुद्दाम लिहिते आहे. आजारपणाच्या अनुभवात लोक फक्त गोळ्यांची नावं लिहितात. माझ्या आजाराचं मूळ गोळ्यांत सापडणार नाही.

आमचं घर मल्लेश्वरमला. सासरची माणसं पिढ्यान् पिढ्या बंगळुरातली, मी साताऱ्याची. वर मी आणि माझा नवरा. खाली सासूबाई, धाकटा दीर आणि त्याची बायको स्मिता. ती मला कन्नड पद्धतीने अक्का म्हणते. माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तिच्या दोन. दोनदा आयव्हीएफ करूनही माझी कूस रिकामीच राहिली.

घरात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं की पाळणा हलतो, ते मोडायचं नाही, असं सासूबाईंचं ठाम मत. स्मिताच्या खिडकीच्या चौकटीत कुंभारणीने लिंबाएवढं घर बांधलं आणि महिनाभरात तिला दिवस गेले. सासूबाईंनी त्या मातीच्या गोळ्यासमोर हळदकुंकू वाहिलं. माझा नुसता जळफळाट झाला. अकरा वर्षांत त्या माशीला माझी खिडकी दिसली नव्हती.

मग एके दिवशी माझ्या खिडकीवरच्या छज्ज्याखाली एक राखाडी वाटीसारखं काहीतरी लटकलेलं दिसलं. आत दोन-तीन लांबट पिवळ्या माश्या. मी शाळेत गणित शिकवते, पुरावा मागितल्याशिवाय कोणाचं उत्तर मान्य करत नाही. पण त्या दिवशी मी पुरावा मागितला नाही. खालच्या भिंतीला हळदकुंकवाचं बोट लावलं आणि कोणाला न सांगता तीन दिवस हसत होते.

वाटीची बशी झाली, बशीची ताटली. माझ्या खिडकीखालूनच गच्चीचा जिना जातो. स्मिता कपडे वाळत घालायला रोज त्या जिन्याने जायची. सातव्या महिन्यात ती मला म्हणाली, "अक्का, ते पोळं स्वल्प मोठंच झालंय. कोणाला तरी बोलावून काढू या का?"

"तुझ्या खिडकीतलं चालतं, माझं डोळ्यांत खुपतं का गं?" मी म्हणाले. ती कपड्यांची बादली उचलून वर गेली. मला वाटलं, हिला माझं बरं झालेलं बघवत नाही. कोणाला काय बघवत नव्हतं, ते आता कळतं.

पुढच्याच शनिवारी सकाळी मी खिडकीचं दार जोरात ढकललं. दार पोळ्याला लागलं. एक डंख हातावर, एक मानेवर, एक कानामागे. मी हातवारे करत खाली पळाले. सासूबाईंनी लोखंडाची किल्ली घेतली आणि डंखावर घासायला बसल्या. आमच्याकडे हाच उपाय. दहा मिनिटं त्या घासत होत्या. माझे तळहात खाजायला लागले, ओठ जड झाले, डोळ्यांपुढे अंधारी आली.

"आई, किल्ली ठेवा," स्मिता म्हणाली. "अक्कांचा आवाज बदललाय."

तिनेच रिक्षा थांबवली. नवरा इलेक्ट्रॉनिक सिटीत ऑफिसात, तिथून त्याला यायला दीड तास. हॉस्पिटलच्या दारात वॉर्डबॉय व्हीलचेअर घेऊन धावला आणि ती नेली थेट स्मितासमोर. पोट तिचं मोठं होतं ना! मी भिंतीला धरून घरघरत उभी, आणि तेवढ्यातही माझ्या मनात आलं, इथेही हिचाच मान. स्मिता त्याच्यावर ओरडली, "मला नाही, यांना बसवा!" तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

सुई, सलाईन, मग चोवीस तास देखरेख. बरं वाटल्यावर काही तासांनी पुन्हा तसाच झटका येऊ शकतो, म्हणून लगेच घरी सोडत नाहीत. तुम्हाला कधी असं झालं तर "आता ठीक आहे" म्हणून उठून जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "पूर्वी कधी डसली होती?"

"लहानपणी एकदा. फक्त हात सुजला होता."

"तेव्हा शरीराने विष ओळखून ठेवलं, आता त्याने भलताच प्रतिकार केला. पोळं किती दिवसांचं?"

"अडीच महिने."

"मग काढलं का नाही?"

स्मिता पलंगाशी बसली होती. खोटं तयार होतं माझ्याकडे, वेळ मिळाला नाही वगैरे. पण तिचे पाय सुजलेले दिसले. ती रात्रभर कॉरिडॉरमधल्या बाकावर होती आणि तो जिना रोज तीच चढत होती. मी सगळं सांगितलं, हळदकुंकवाच्या बोटासकट. स्मिताने मान वर केली नाही.

डॉक्टर हसल्या नाहीत. "मातीचं घर बांधते ती एकटी राहते, सहसा वाटेला जात नाही. कागदासारखं राखाडी, खालून उघड्या घरांचं पोळं म्हणजे गांधीलमाश्या. त्या मिळून राखण करतात. दोन्हींपैकी एकही मूल देत नाही." शेवटचं वाक्य त्यांनी हळू उच्चारलं. मला रडू आलं, ते त्या वाक्यामुळे.

तर तुमच्यासाठी, मला समजलं तेवढं. छज्जे, व्हेंटिलेटर, मीटरचे डबे अधूनमधून बघत जा. पोळं मोठं होण्याआधीच जाणकाराला बोलवा. धूर, रॉकेल, दगड हे उद्योग म्हणजे हात दाखवून अवलक्षण. कचरा आणि पिकलेली फळं झाकून ठेवा. माशी घोंगावली तर हातवारे न करता सावकाश लांब व्हा. डसल्यावर दुखणं आणि सूज पुष्कळांना येते, पण श्वास किंवा आवाज बदलला, शुद्ध हरपू लागली तर किल्ली शोधू नका, हॉस्पिटल गाठा.

आमच्याकडे पेस्ट कंट्रोलवाला संध्याकाळी जाड पोशाख घालून आला आणि पोळं पिशवीत घालून घेऊन गेला. ताटलीएवढी जागा छज्ज्याखाली पांढरी राहिली. मी तिकडे बघायचं टाळलं.

अॅड्रिनलीनचं इंजेक्शन आता मी सोबत बाळगते. ते कसं द्यायचं हे घरातल्या आणखी एका माणसाला यायला हवं होतं. स्मिता शिकली. संत्र्यात पाणी टोचून सराव करताना तिची सुई वाकडी जायची. "सरी, ठीक आहे, पुन्हा करते," म्हणत तिने पाच संत्री संपवली. मी तिला माफ कर म्हणाले. ती म्हणाली, "राग आलाय अक्का. जाईल हळूहळू." मला ते खरं उत्तर आवडलं.

तिला मुलगी झाली. मी बरी झाले, हेवा बरा झाला नाही. बाळाचं रडणं वर ऐकू आलं की अजून घशाशी काहीतरी येतं, आणि त्यावर इंजेक्शन नाही.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या लागते. माझ्या नवऱ्याला बहीण नाही. आता नाव कोण सांगणार, अशी शेजारणींत कुजबुज सुरू झाली. स्मिताने कोणाला विचारलं नाही, सरळ म्हणाली, "अक्का सांगतील."

मी पाळण्यात वाकले. रिवाजाप्रमाणे बायका माझ्या पाठीवर धपाधप बुक्के मारत होत्या, हसत होत्या, त्यामुळे माझं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही. मी आधी तिला सांगितलं, "मला तुझ्या आईचा फार हेवा वाटतो. तिने मला वाचवलं." मग तिचं नाव सांगितलं.