हुंगलेला मोगरा

सासूबाईंची नजर गेली तेव्हा आम्ही कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत, तळमजल्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. त्या रोज म्हणत, "मले गावाले नेऊन घाल. इथं कुठं काय आहे, समजत नाही." चारचौघांत माझं तोंड उघडत नाही. मनातलं बोलायला मला त्याच एक होत्या. त्या गेल्या असत्या तर मी बोलणंच विसरले असते.

म्हणून वासाची बाग करायला घेतली. पायरीशी मोगरा, नळापाशी गवती चहा, न्हाणीच्या वाटेवर मरवा आणि पुदिना. हात लागला की वास यावा, त्यावरून त्यांना जागा कळावी. पानांवर राख बसे, ती मी रोज धूत असे.

मोगरा फुलला आणि शेजारणीची भक्ती वाढली. पहाटेच ती परडी घेऊन आमच्या अंगणात येई. खिडकीआड उभी राहून मी "थोडी राहू द्या" हे तीन शब्द घोकत असे. एकदा धीर करून बाहेर गेले आणि म्हणाले, "गवती चहा पण न्या."

सासूबाई उठून पायरीवर बसत. "काहून वं, मोगरा लावला म्हणते, अन् वास तं राखेचाच येऊन राहिला."

"उद्या फुलेल," मी म्हणे.

एका पहाटे त्यांनी फाटक वाजलेलं ऐकलं. मग मला सगळं सांगावं लागलं.

संध्याकाळी कळ्या उमलू लागल्या तशा त्या चाचपडत झाडापाशी गेल्या आणि एकेक फूल नाकाशी धरून मोठ्यानं हुंगू लागल्या. शेजारीण तिच्या पायरीवर तांदूळ निवडत होती.

"आजी, काय करून राहिल्या?"

"हुंगून राहिली, माय. खालच्या फांदीवरची तेवढी राहिली."

"अवं, हुंगलेलं फूल देवाले चालते का?"

"नाही चालत," सासूबाई म्हणाल्या आणि खालच्या फांदीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी परडी आली नाही. आमच्या देवांनाही अर्थात तो मोगरा बंद झाला. त्यांच्यासाठी हे शहरातून येताना फुलांची पुडी आणत.

पुढे दिवाळीत दीर गावाहून न्यायला आले. सासूबाई म्हणाल्या, "मी आली तं इथं हुंगंल कोण? माही सून तं हुंगतानाही लाजते."