दोन प्रतिष्ठित माणसांचं बयाण

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने सरकारी खात्यात शिकायला मिळेल आणि वर प्रमाणपत्रही मिळेल, एवढं ऐकूनच मी हो म्हटलं होतं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. बी.ए.ला मी इतिहास घेतला होता, आणि इतिहास घेतलेल्या पोरीला सौंसरात कुत्रं विचारत नव्हतं. प्रमाणपत्र अर्जाला जोडलं तर कुठेतरी चिकटता येईल, असं बाबांचं गणित. खातं जुन्या वास्तूंची नोंद करणारं. साहेबांचा मुक्काम पांढुर्ण्याच्या रेस्ट हाऊसवर. मी सकाळच्या बसने तिथे जायची आणि मग त्यांच्या जीपमधून गावोगाव.

इतिहास कसा लिहितात ते मला तिथे कळलं. साहेब गावात शिरले की सरपंचांच्या ओसरीवर बसायचे. चहा व्हायचा, आंब्याचा रस व्हायचा, पानसुपारी व्हायची. मग मी फॉर्म काढायची. आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून फॉर्म हिंदीत छापलेला. त्यात 'काल' असा एक रकाना होता, म्हणजे वास्तू किती जुनी ते. कागदपत्र नसेल तर गावातल्या दोन प्रतिष्ठित माणसांचं बयाण घ्यायचं, अशी पद्धत. दोघं म्हणाले तीनशे वर्षं, की तीनशे वर्षं. वास्तू शंभराच्या आतली असेल तर ती जुनी नाही, रजिस्टरात येणार नाही. पण शंभर भरलेत की नाही हे ठरवायचं ओसरीवर, ढेकर देता देता. दगडाला हात लावायची कुणाला गरज वाटत नव्हती.

मोहगावच्या वाटेवर आमचं मूळ गाव. बाबा नोकरीसाठी सौंसरला आले, पण त्यांची मोठी बहीण, माझी आत्या, अजून तिथेच होती, लोकांच्या वावरात निंदणं-वेचणं करत. त्या गावी टेकाडावर एक दगडी देऊळ आहे. जीप तिथे गेली. सरपंच आणि त्यांचे चुलते, दोघांनी छाती फुगवून सांगितलं, "तीन सौ साल, साहब. भोंसलों के जमाने का." मी लिहिलं. मग मोजमापाची फीत धरून थेट गाभाऱ्यापर्यंत गेले. आमच्या वस्तीतली पोर आत गेली, कुणी चकार शब्द काढला नाही. फीत सरकारची होती ना!

आत्या खाली पायऱ्यांपाशी उभी होती, भाची सरकारी काम करते ते बघायला. मी उतरल्यावर तिने विचारलं, "काय लिवलं?" मी सांगितलं तर ती तोंडावर पदर धरून हसली.

"तीनशे वर्सं? अवो माय! मंग मी किती वर्साची झाली? याचे दगडं मी वाह्यले ना डोक्यावर. दहा-अकरा वर्साची असन मी. आमच्याच बापजाद्यांनी दगड फोडले, अन् देऊळ झाल्यावर आमालेच पायरी बंद. तोच मिस्त्री काम सुटलं का सांजच्याले आपल्या विहिरीवर यायचा. दोन्ही कामं एकाच खेपेचे होत."

वस्तीची विहीर म्हणजे काय ते सांगायला हवं. गावच्या विहिरीवर आमची घागर चालत नव्हती. म्हणून वस्तीने स्वतःची खोदली. सुरुंग लावताना आत्याच्या बापाची, म्हणजे माझ्या आजोबांची, दोन बोटं गेली. घडीव दगडाचं गोल बांधकाम, आत उतरायला पायऱ्या, काठाला घागर टेकवायला कोरलेल्या खळ्या. वस्तीत पक्कं म्हणावं असं तेवढंच. बाकी सगळं मातीचं. आता हातपंप आल्यामुळे पंचायतीने विहीर बुजवायचं ठरवलं होतं. तिथे संत्र्याच्या पेट्या ठेवायला गोदाम होणार होतं.

आत्याने माझा हात धरला. "सरकारच्या वहीत नाव चढलं का मंग कोनाले हात लावता येत नाई म्हने. लिव ना वो माय आपली विहीर. माह्या बापाचं दुसरं काईच नाई ह्या गावात."

खरं सांगायचं तर देऊळही शंभराच्या आतलं आणि विहीरही. खरेपणाने वागायचं तर दोन्ही बाहेर. पण मी म्हटलं, ते तीनशे वर्षांचं तर हीसुद्धा तीनशे वर्षांची! खोटंच लिहायचं तर दोघांचं सारखं लिहा. त्याच दुपारी मी फॉर्म भरला. पायऱ्या मोजल्या, खळ्या मोजल्या, विहिरीचं चित्र काढलं. देवळाचं काढलं होतं त्याहून चांगलं काढलं. बयाण आत्याचं आणि शेजारच्या एका म्हाताऱ्याचं. दोघांचे अंगठे घेतले.

रेस्ट हाऊसवर साहेबांनी फॉर्म दोन बोटांत धरला. "ये किसके अंगूठे हैं?"

मी म्हटलं, "गाँव के दो बुजुर्गों के, सर."

"बुजुर्ग नहीं, प्रतिष्ठित. नियम पढ़ा है ना?"

मी म्हटलं, सर, ज्यांनी दगड वाहिले त्यांच्याहून जास्त कुणाला माहीत असणार? देवळाचे दगडही त्यांनीच वाहिले आहेत. मग तेही शंभराच्या आतलं धरा! माझा आवाज चढला होता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. तुम्ही इथे शिकायला आलात की शिकवायला, असं विचारलं, आणि प्रमाणपत्रावर सही कुणाची असते याची शांतपणे आठवण करून दिली. फॉर्म टेबलाच्या खणात गेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आणि मी काय केलं? "जी सर" म्हटलं आणि बस पकडली.

पुढच्या पंधरा दिवसांत विहीर गेली. नुसती बुजवली असती तर एक वेळ चाललं असतं. आधी तिचे दगड काढले. एकेक घडीव चिरा पहारीने उचकटला, ट्रॉलीत घातला आणि टेकाडावर नेला. देऊळ आता रजिस्टरात चढणार, पाटी लागणार, तर त्याला शोभेलसा ओटा नको का! सरपंचांनी देवळाभोवती ओटाच बांधून टाकला. वस्तीतल्या बाया दारात उभ्या राहून ट्रॉल्या बघत होत्या. आत्या म्हणाली, "आमच्या हातचं पानी नाई चाललं त्याईले. दगडं बरे चालले."

शेवटच्या आठवड्यात जीप पुन्हा तिथे गेली. फोटो काढायचा होता आणि रजिस्टरात पक्की नोंद करायची होती. नव्या ओट्यावर सिमेंटचे ओले डाग होते. घागरींच्या खळ्या असलेले दोन चिरे तर दर्शनी बाजूलाच बसवले होते, कोणीही ओळखावेत असे. मी बोट दाखवलं. "सर, ये तो कुएँ के पत्थर हैं." साहेब म्हणाले, फार सुंदर आहेत. लिहा. आणि ते सांगत गेले, मी लिहीत गेले: चबूतरा, मूल, म्हणजे ओटा पहिल्यापासूनचाच. काल, भोंसलाकालीन. दशा, अच्छी.

हे माझ्याच अक्षरात आहे. मी पेन खाली ठेवू शकत होते. रजिस्टर त्यांच्या अंगावर टाकू शकत होते. प्रमाणपत्र गेलं असतं, दुसरं काय झालं असतं? इतकी वर्षं मी साहेबाला, सरपंचाला शिव्या देत आले आणि त्या त्यांना लागू आहेतच, एकही मागे घेत नाही. पण वळणदार अक्षर माझं होतं.

जीपपाशी आत्या थांबली होती. वावरातून तशीच आली होती, हातात विळा. तिला वाचता येत नव्हतं. तिने रजिस्टराच्या बांधणीवरून हात फिरवला आणि विचारलं, "लिवलं नं? दगडं आपल्या विहिरीचे होत म्हनून लिवलं नं?"

साहेब जीपमध्ये बसले होते. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं.

"हो आत्या," मी म्हटलं, "लिहिलं."

"मंग झालं," ती म्हणाली, आणि वस्तीत सगळ्यांना सांगायला निघाली.