जीपचा गंज आणि आमची गिरणी

गिरणीत दळण टाकून बसलेल्या बायकांना गप्प बसवत नाही. एकीनं विचारायचा अवकाश, "जीपचं कुठवर आलं हो?" की मी एक गोष्ट सांगायला लागते, ती संपायच्या आत दुसरी आठवते. असलं काही आपण मुद्दाम साठवत नाही. घरातली माणसं आपापल्या परीनं कामाला लागली, की किस्से आपोआप साठत जातात!

जीप माझ्या सासऱ्यांची, आबांची. मुरूम ते उमरगा त्यांनी ती वडापला, सीट भरून भाड्यानं, चालवली. डोळे अधू झाले तशी गाडी गोठ्याजवळ उभी राहिली आणि उभ्या उभ्या गंजली. आता आबांची एकच इच्छा, गाडी पुन्हा रस्त्यावर दिसावी आणि तीही पास होऊन, सगळ्या कागदांसकट. त्यासाठी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, ठोकलेला नंबर आरटीओच्या साहेबाला स्पष्ट दिसावा लागतो. तो गेला होता गंजाखाली. गंज काढायचा तर हवेच्या जोरानं बारीक खडा मारायचा, आणि खडा जास्त कडक निघाला तर गंजाबरोबर नंबरही पुसला जायचा!

"नंबर गेला की गाडी भंगारात. ध्यानात ठेव, भास्कर," आबांनी ह्यांना पहिल्याच दिवशी बजावलं. त्यामुळं खडा निवडताना आमच्या घरात सगळ्यांचाच जीव खालीवर व्हायचा.

*

ह्यांनी कॉम्प्रेसर आणला. नळी आणली. खड्याला पैसे कशाला, म्हणून बांधकामातली उरलेली वाळू चाळली आणि गच्चीवर साडी अंथरून वाळत घातली.

शेजारच्या इंदूताईंनी खालून विचारलं, "काय वहिनी, यंदा उन्हाळकाम लई लवकर! काय घातलंय वाळत?"

"वाळू."

"बरं बरं. आमच्या ह्यांना सांगू नका, ते बी सुरू करतील!"

वाळू मारायच्या आधी गल्लीतले रशीदभाई आले. त्यांचं गाड्या रंगवायचं गॅरेज आहे. म्हणाले, "भास्करराव, हे नका करू. वाळूची धूळ छातीत बसली तर निघत न्हाई. आमचे मामू खदानीत होते, मी बघितलंय."

हे म्हणाले, "तोंडाला रुमाल बांधतो की."

आबाच बोलले. "जीपला नवा पत्रा मिळंल. तुझ्या छातीला पत्रा कुठल्या गॅरेजात मारायचा?"

वाळू परत पोत्यात गेली.

*

मग सोलापूरहून काळा टोकदार खडा आला. दुकानदारानं सांगितलं होतं, हा लोखंडाला एक नंबर. हे कुणाचं ऐकून घेणारे नाहीत, पण दुकानदाराचं ऐकतात! नंबरजवळ जायच्या आधी म्हणून बोनेटवर मारला. जोर पूर्ण ठेवला आणि एकाच जागी धरून राहिले.

गंज गेला. रंगही गेला. पण पत्रा पातळ, तापला आणि मधोमध फुगून वर आला.

मीच धीर करून म्हटलं, "अहो, हे पापडासारखं झालं."

"थंड झाल्यावर बसंल खाली," हे म्हणाले.

आबांनी बोनेटवरून हात फिरवला. "भाजलेला पापड परत कच्चा झालेला तू बघितलाय का कधी?"

तो खडा जाड लोखंडासाठी बाजूला ठेवला. त्या दिवसापासून आबा गोठ्याजवळच खुर्ची टाकून बसायला लागले. नंबर होता त्या बाजूला.

*

खडा घरभर उडू नये म्हणून ह्यांनी जुन्या कूलरच्या डब्याची पेटी केली. समोर काच आणि दोन भोकं, भोकांना रबरी हातमोजे पक्के बसवलेले. आत वस्तू ठेवायची, हात घालायचे आणि बाहेरून बघत काम करायचं. डोक्यावर पुन्हा तोंडापुढं काच असलेला टोप, नाकाला मास्क. आबांनी त्याशिवाय बटन दाबू दिलं नसतं.

असे हे कामात असताना अणदूरचे पाहुणे लग्नाचं आमंत्रण घेऊन आले. कॉम्प्रेसरच्या आवाजात ह्यांना ऐकू जाईना. पाहुणे घाईत, अजून चार घरं करायची. ते सरळ समोर गेले, कुंकवाचं बोट ह्यांच्या टोपाच्या काचेवर टेकवलं, वर अक्षताही चिकटवल्या आणि म्हणाले, "सगळ्यांनी यायचं बरं का!"

हात पेटीत अडकलेले, पुसायचं कसं? हे आतून ओरडले, "अगं, लाल लाल दिसतंय! डोळ्याला काही झालं का माझ्या?"

*

त्या पेटीत काचेचे बारीक मणी वापरायचे होते. ते जपून घासतात म्हणे. खात्री करायला ह्यांना एखादी जुनी, काळीकुट्ट लोखंडी वस्तू पाहिजे होती. मी मळ्यात गेले होते. परत आले तर माझा भाकरीचा तवा चांदीसारखा चमकत होता!

"बघ!" हे खुशीत म्हणाले. "तुझ्या सासूलाबी असा निघाला नसता."

माझ्या सासूबाईंनी तो तवा वर्षानुवर्षं भाजून भाजून तयार केला होता. त्या काळेपणामुळंच भाकरी सुटायची. रात्री एकही भाकरी अख्खी निघाली नाही. आबांनी ताटातले तुकडे बोटानं जुळवले आणि शांतपणे म्हणाले, "भास्कर, सगळं काळं म्हणजे गंज नसतो."

हे मान खाली घालून जेवले. मला त्यांची दयाच आली. त्यांना तरी कुठं हौस होती? बापाची गाडी बापाच्या डोळ्यांसमोर उभी करायची होती एवढंच.

*

नंबरसाठी याहून मऊ काहीतरी पाहिजे होतं. रशीदभाई म्हणाले, दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भरडा मारतात, तो लोखंड खात नाही, नुसती वरची घाण निघते. पण आधी गंज डिझेलमध्ये भिजवून मऊ करा.

मक्याला आमच्याकडं काय तोटा? मी बहिणीकडं माकणीला गेले होते, तेवढ्यात ह्यांनी वाळलेली कणसं ठेचली आणि माझ्याच गिरणीत घातली. वर गिरणी झाडलीही नाही, आणि मी येऊन नकळत तशीच गिऱ्हाइकांची ज्वारी दळली.

दुसऱ्या दिवशी चंद्रकलाबाई रिकामा डबा घेऊन आल्या. "वहिनी, कालच्या पिठाच्या भाकरी लई गोडीनं खाल्ल्या बघा."

"व्हय का?" मी म्हटलं.

"आमी न्हाय, म्हशीनं!"

त्यांना मी घरची ज्वारी दळून दिली. गिरणी उघडून धुवून पुसून घेतली. मग तो भरडा घेऊन बसले, कारण तो कसाही मारून चालणार नव्हता हे मला दिसत होतं. रव्याची भाकरी होत नाही आणि पिठाचा उपमा होत नाही, हे गिरणीवालीला कळतं. चाळणीवर रव्याएवढा वेगळा काढला, त्याहून बारीक वेगळा. जाड भरड्यानं चासीवरचं ग्रीस निघालं. बारीक नंबरसाठी ठेवला.

*

नंबरची जागा रात्रभर डिझेलनं भिजवली आणि सकाळी चासी अंगणात चार विटांच्या थरांवर ठेवली. इंजिन नाही, चाकं नाहीत, सीट नाही. नुसता सांगाडा. ह्यांनी हवेचा जोर अगदी कमी केला, टोप घातला, नळी नंबरच्या जागेवर धरली. आणि बटन न दाबताच ती परत खाली घेतली.

"आबा, माझ्यानं न्हाय व्हायचं," हे म्हणाले. "पुसला गेला तर?"

आबा खुर्चीतून उठले. "दे इकडं."

"आबा, तुम्हाला दिसतं का?" मी विचारलं.

"सूनबाई, ही गाडी मी अंधारात बी चालवलीय."

मी त्यांना टोप घातला, मास्क बांधला. मदतीला आलेल्या रशीदभाईंनी नळीला मागून आधार दिला. आबा थोडं मारायचे, थांबायचे, बोट फिरवून बघायचे, पुन्हा थोडं मारायचे.

एक आकडा आला. मग दुसरा. मग शेवटपर्यंत सगळे. ह्यांनी कागद ठेवून वरून पेन्सिल घासली आणि तो कागद आमच्याकडं धरला. सगळे आकडे उमटले होते. रशीदभाई म्हणाले, "आबा, पास होणार गाडी!"

आबांनी टोप काढला. चेहऱ्यावर मक्याचा पिवळा भुसा. त्यांनी मला एक पाट मागितला. तो चासीच्या दोन पट्ट्यांवर टेकवला, जिथं ड्रायव्हरची सीट असते तिथं, आणि ह्यांच्या खांद्याला धरून वर चढून बसले. दोन्ही हात समोर धरले. आणि गल्लीकडं तोंड करून मोठ्यांदा ओरडले, "चला उमरगा, उमरगा, उमरगा! बसा पटापटा!"

रशीदभाईंनी चपला काढल्या आणि मागच्या पट्टीवर जाऊन बसले. हे त्यांच्या शेजारी. गोंगाट ऐकून इंदूताई आल्या, काही न विचारता पदर खोचून चढल्या.

मी खालीच उभी होते, चाळणी हातात घेऊन.

आबांनी मागं वळून बघितलं. "सूनबाई, सीट भरल्याबिगर गाडी हालत न्हाय!"

मी चाळणी खाली ठेवली आणि वर चढले.